सुपारीएवढा खडक

चारकोपच्या सेक्टर पाचमध्ये कुणाच्या नाकातली चमकी हरवली, की लोक नवस बोलत बसत नाहीत; सुगंधा मेस्त्रीला हाक मारतात. ती येते, ओढणी कमरेला खोचते, लादीवर गाल टेकून एक डोळा मिटते आणि पाच मिनिटांत म्हणते, "ती काय, फ्रिजच्या पायाशी." घरवालीने दोन दिवस तिथेच केरसुणी फिरवलेली असते. चहा घेतल्याशिवाय सुगंधा हलत नाही, आणि चहा होईपर्यंत त्याच घरातल्या आणखी दोन-तीन हरवलेल्या वस्तू काढून देते. त्यातली एखादी सापडू नये अशीच नवऱ्याची इच्छा असते, पण त्याला इलाज नाही.

हे डोळे कुठून आणलेस म्हणून विचारलं, तर ती म्हणते, "इमिटेशनमधून." खरंच आहे ते. वडील लालबागच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडली, आणि बारावीनंतर सुगंधा घरी बसून खोट्या दागिन्यांच्या सेटांवर खडे चिकटवायला लागली. चिमट्याने खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा, दाबायचा. लग्न करून कांदिवलीला आली तरी काम सुटलं नाही. चांगली बारा वर्षं तिने ते केलं. कुठल्या नवरीच्या गळ्यात तिचा खडा वाकडा बसला असेल, तर मी पैज हरेन.

मग इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या लॅबला माणूस हवा असल्याचं कळलं. फरसाणच्या कारखान्याला लागून तो गाळा आहे. पाटीवर इंग्रजीत हातभर नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'दगडवाली लॅब' म्हटलं की तो बरोबर सोडतो. मालक विद्याधर सर. त्यांनी मुलाखतबिलाखत काही घेतली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर वाळू ठेवली आणि म्हणाले, "यातले काचेसारखे चमकणारे कण वेगळे करा." फोन घेऊन परत येतात तो सुगंधा म्हणाली, "सर, चौसष्ट काढले. पासष्टाव्याच्या पोटात तडा आहे. तो ठेवू की टाकू?"

सरांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "उद्यापासून या," म्हणाले.

ते कण म्हणजे झिरकॉन. सरांनी तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, की खडक किती जुना आहे हे नुसतं बघून कळत नाही. त्याच्या पोटात हे कण असतात, मिठाच्या कणापेक्षाही लहान. कण जन्मतो तेव्हा त्याच्यात थोडं युरेनियम अडकतं, आणि ते ठरलेल्या गतीने शिशात बदलत राहतं. उरलं किती, बदललं किती, हे मोठ्या यंत्रावर मोजलं की वय निघतं.

"म्हणजे जन्मदाखला," सुगंधा म्हणाली.

"तसंच समजा."

"आणि हरवत नाही?"

"खडक वितळून पुन्हा घट्ट झाला तरी बरेचदा हरवत नाही."

"कमाल आहे. आमच्या सासूबाईंचा पार हरवलाय. आधार कार्डावर एक जानेवारी ठोकून दिलीय."

तर असं हे काम. खडक जबड्याच्या मशीनमध्ये घालून फोडायचा, चाळायचा, तांदूळ धुतल्यासारखा पाण्यात धुऊन हलकं ते वाहून जाऊ द्यायचं, लोहचुंबकाने लोखंडी कण ओढून घ्यायचे, आणि शेवटी जे चिमूटभर उरेल त्यातून सुगंधाने सुईच्या टोकाने एकेक झिरकॉन उचलायचा. सात वर्षं झाली तिला. खडक कापायचं आणि फोडायचं काम शिवदासभाऊंचं. ते जालन्याकडचे, तीस-पस्तीस वर्षं करवतीवर घालवलेला माणूस, बोलणं कमी आणि हात पक्का. मशीन धुण्याच्या बाबतीत तर असे कडक, की त्यांच्या पाण्याच्या पाइपाला फरसाणवालेसुद्धा घाबरतात.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या तोंडावर, मुलुंडची तेजल एक डबा छातीशी धरून लॅबमध्ये आली. भूगर्भशास्त्रात संशोधन करणारी, अठ्ठावीस वर्षांची, आणि बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरणारी पोर. डबा उघडला तर आत पावाएवढा करडा-गुलाबी खडक.

"सुगंधाताई, हा कुठला आहे माहितीये? आपल्या समुद्राखालचा! मुंबईपासून पश्चिमेला, तेलाची विहीर खणताना आलेला. वरती गाळ, मग चुनखडी, मग आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड, आणि त्याच्या खाली हा. म्हणजे सगळ्याचं जोतं!"

जोतं म्हटल्यावर सुगंधाला पटकन कळलं. घर कितीही मजली चढवा, उभं असतं ते जोत्यावर. हे जोतं किती जुनं आहे ते कुणी नीट मोजलं नव्हतं. तेलकंपनीने फार मिनतवाऱ्यांनंतर तेजलला हा तुकडा दिला होता. उरलेला अर्धा भाग कंपनीने कुलपात ठेवला होता आणि तो फोडायला देणार नाही असं लिहून कळवलं होतं. तेजलच्या चार वर्षांच्या मेहनतीचं गाडं या पावाएवढ्या दगडावर येऊन थांबलं होतं.

"चांगलं काम झालं ना ताई, तर तुमचं नाव लेखात घालणार," तेजल म्हणाली. "कण निवडणी, सुगंधा मेस्त्री. छापून."

सुगंधा "बरं बरं" म्हणाली, पण त्या दिवशी तिने डाळीला फोडणी दोनदा दिली. पाच वर्षांत हजारो कण उचलले, नाव कुठेच नव्हतं. आणि सांगते काय, माणसाला नाव हवंच असतं. नको म्हणतात ते खोटं बोलतात.

नवमीच्या चार दिवस आधी शिवदासभाऊंनी खडकाची, कंपनीच्या अर्ध्यापासून तुटलेली खरबरीत बाजू करवतीने उडवून सरळ केली. कोपऱ्याचा सुपारीएवढा तुकडा निघाला. सरांनी बघितला, एवढ्याशाचं काय करायचं, टाका म्हणाले. सुगंधाने टाकू दिला नाही. रुमालात गुंडाळून घरी नेला आणि सासूबाईंच्या हातावर ठेवला. "आई, हा बघा. समुद्राच्या खाली तीन-साडेतीन किलोमीटरवरून आलाय. रामाच्या, कृष्णाच्या, सगळ्यांच्या आधीचा."

द्रौपदीबाई देवगडकडच्या. मुंबईत पंचेचाळीस वर्षं काढली तरी जिभेवरचं मालवणी हललेलं नाही. त्यांनी दगड उलटापालटा करून पाहिला. "रामाच्याय आधीचो?" म्हणाल्या, आणि आंघोळ करून आल्या. सुगंधा भाजी चिरून होईपर्यंत दगड देव्हाऱ्यात गणपतीशेजारी बसला होता, वर कुंकवाचं बोट आणि एक जास्वंद. सुगंधाला हसू आवरेना.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. खंडेनवमीला इस्टेटीतल्या प्रत्येक गाळ्यात मशीनची पूजा होते. शिवदासभाऊ त्या दिवसांत दरवर्षी रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. जाताना बजावून गेले, "मशीनला हार घाला नाहीतर शालू नेसवा, पण फुलं जबड्यात गेली तर मला फोन करायचा नाही." फुलं जबड्यात गेली नाहीत. सुगंधाने पट्ट्याला हार बांधला, आंब्याचं पान खोवलं, आणि मशीनच्या खालच्या, फोडलेली भुकटी पडते त्या लाकडी पाटावर सहा रंगांचा मोर काढला. असा मोर, की फरसाणवाले, प्लास्टिकवाले, सगळे मोबाइल घेऊन बघायला आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पाट झाडून घेतला, आतला जुना चुरा निघून जावा म्हणून गारगोटी दळून मशीनचा जबडा साफ केला, आणि शिवदासभाऊ अजून यायचे होते म्हणून तेजलचा खडक स्वतःच फोडला. गडबडीत एक लक्षात आलं नाही, की पाट नुसता झाडलाय, धुतला नाही.

त्या खडकातून एक्केचाळीस कण निघाले. अडतीस लांबट, कडा धारदार. तीन गोल, वाळूसारखे घासलेले. सुगंधाने आपल्या वहीत लिहून ठेवलं, 'तीन गोल. बाकीच्या भावंडांसारखे दिसत नाहीत. तरी ठेवले.'

कण मोजायला बाहेरगावी गेले आणि मार्चमध्ये तेजल लॅबमध्ये अक्षरशः उड्या मारत आली. अडतीस कण अडीचशे कोटी वर्षांचे. आणि ते तीन गोल? तीनशे वीस कोटी!

"म्हणजे ताई, या जोत्याच्या आधीही एक जोतं होतं! ते मोडलं, वितळलं, आणि हे तीन तेवढे विरघळायचे राहिले!"

"खिचडीत शेंगदाणे कच्चे राहतात तसे," सुगंधा म्हणाली.

"अगदी तसेच!"

शिवदासभाऊ कधी नव्हे ते हसले. सरांनी फाफडा-जिलेबी मागवली. सुगंधाने घरी जाऊन सासूला सांगितलं, की देव्हाऱ्यातल्या पाहुण्याचं वय अडीचशे कोटी, आणि त्याच्या पोटात तीनशे वीस कोटीवाले पण असू शकतात. द्रौपदीबाईंनी त्या दिवशी त्याला खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला.

जिलेबीचा पाक बोटांवरून जायच्या आत कंपनीचे नंदकिशोर साहेब आले. वयस्कर, शांत, वाईट माणूस अजिबात नाही; पण शंका काढायला बसला की देवालाही सोडणार नाही असा. त्यांनी एक्केचाळीस कणांचे फोटो पाहिले आणि विचारलं, "अडतीस एकसारखे, तीनच वेगळे. हे तीन बाहेरून आले नाहीत कशावरून? खडक फोडला त्या दिवशी मशीनच्या आसपास काय होतं?"

"काहीच नव्हतं," तेजल म्हणाली. "आधी गारगोटी दळून मशीन साफ केलं होतं. वहीत नोंद आहे."

साहेबांनी वही पाहिली. तारीख पाहिली. सुगंधानेही पाहिली. दसऱ्याचा दुसरा दिवस. मोर.

रांगोळी म्हणजे काय? दळलेला दगड आणि वाळूच की! तिच्यात झिरकॉन नसेल कशावरून? मोराची गोष्ट त्या खोलीत तिच्याशिवाय कुणाला आठवत नव्हती. गप्प राहिली असती तर साहेब वही मिटून निघून गेले असते, तीन कण छापून आले असते, आणि नावही आलं असतं. एवढं सगळं तिच्या मनात आलं, मी खोटं कशाला सांगू. ती एक घोट पाणी प्यायली.

मग म्हणाली, "साहेब, पाटावर रांगोळी होती. मी काढली होती. पाट झाडला, पण धुतला नाही."

तेजलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो बघवेना. सुगंधा पुढे म्हणाली, "हे ठरल्याशिवाय माझं नाव कुठे घालू नकोस गं. खोटं नाव मला नको."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे तुम्ही सांगितलंत म्हणून तुमच्या बाकी नोंदींवर माझा विश्वास बसला," म्हणाले. "पण ते तीन कण मी धरू शकत नाही. ते त्या खडकातलेच आहेत असं दाखवा, महिन्याभरात. नाहीतर वगळा."

सुगंधा हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. घरी रांगोळीच्या सहा पुड्या उरल्या होत्या, त्या तिने आणल्या आणि खडकासारख्याच धुतल्या. लॅबचं सिंक गुलाबी झालं, मग हिरवं, मग असं काही झालं की ज्याला नाव नाही. शिवदासभाऊ नाकावर रुमाल धरून म्हणाले, "ताई, होळी झाली की आता." तिला मनातून वाटत होतं, देवा, यात एकही झिरकॉन निघू नये. आयुष्यात पहिल्यांदा ती न सापडण्यासाठी शोधत होती.

पण डोळे तिचेच ना! जांभळ्या पुडीत चार निघाले. चारही गोल.

"वाट लागली," तेजल म्हणाली आणि स्टुलावर बसकण मारली. "रांगोळीचा दगड कुठल्या खाणीतून येतो कोण जाणे. तोही तेवढाच म्हातारा असला तर?"

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही. "हौस नडली गं माझी," म्हणाली. "साधं एक स्वस्तिक काढून भागलं असतं. मला मोर हवा होता!"

तेव्हा शिवदासभाऊंनी तोंड उघडलं. "फोडलेल्याचा उपयोग नाही. न फोडलेला खडक हवा. त्याची पातळ चकती काढून देतो, उजेड आरपार जाईल अशी. कण त्या खडकात जिथल्या तिथे बसलेला दिसला, तर तो रांगोळीतून चालत येऊन बसला असं कोण म्हणेल?"

"पण न फोडलेला आणायचा कुठून?" तेजल म्हणाली. "सगळा संपला. कंपनी देणार नाही."

"मी ताईंना एक तुकडा दिला होता. सुपारीएवढा. रांगोळीच्या चार दिवस आधी. ताई, काय केलंत त्याचं?"

सुगंधाने डोळे पुसले आणि कपाळावर हात मारून घेतला. "त्याचा देव झालाय!"

संध्याकाळी ती घरी गेली आणि सासूसमोर बसून सगळं सांगितलं. मोर, पाट, तीन कण, साहेब. द्रौपदीबाई ऐकत होत्या तोवर ठीक होतं. चकती काढायचं नाव निघाल्यावर ताठ झाल्या.

"अगो, देवाक करवतीन कापतलंस?"

"आई, तो देव नाही हो, खडक आहे."

"पाच म्हयने फूल वाहिलंय मी. तुज्या मशीनक हार घालतंस तेवा ता काय, लोखंड नाय?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. सुगंधा खाली मान घालून बसली आणि हळूच म्हणाली, "आई, माझ्या हातून चूक झाली. त्या तीन कणांवर माझ्यामुळे खोट आली. ते खरे असतील तर त्यांचं वय त्यांना परत मिळायला हवं. बाकी मला काही नको."

द्रौपदीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मी कोण हो किंवा नाय म्हणणारी? त्याकाच इचारूया. कौल लावूया."

कोकणात माणसं अडली की देवाला कौल लावतात. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. द्रौपदीबाईंनी दगड पाटावर घेतला, जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या, हात जोडले. "बा म्हाराजा, समुद्राखालच्या राजा, ह्या चेडू, माजी सून, तुका कापूक मागता. तुज्या पोटातल्या पोरांचा वय काढूक. तुजी मर्जी आसा काय, सांग."

पाकळ्या हलेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुगंधाचा विज्ञानावर विश्वास होता, पगार त्याचाच घेत होती. तरी ती त्या उजव्या पाकळीकडे असं बघत होती की डोळ्यांनीच ढकलेल. एवढ्यात दार उघडून नवरा चंद्रप्रकाश आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा गडी, मार्चच्या उकाड्याने हैराण. त्याने रोजच्या सवयीने बूट काढायच्या आधी पंख्याचं बटण दाबलं.

उजवी पाकळी टपकन पडली.

"अहो, पंखा!" सुगंधा ओरडली. "आई, हे धरायचं नाही, पुन्हा लावूया. हे वाऱ्याने पडलं."

"गप बस," द्रौपदीबाई म्हणाल्या. "वारो कोणाचो? चंद्र्याचो? ह्याका आजच वेळेवर घरी येवची बुद्धी कोणी दिली?" आणि खडक उचलून त्यांनी स्वतःच्या पदराने त्याचं कुंकू पुसलं, सुनेच्या ओंजळीत ठेवला. "ने. पण सांभाळून काप म्हणान सांग शिवदासाक."

चंद्रप्रकाश एका पायात बूट घेऊन उभा होता. आपण काय केलं ते त्याला रात्रीच्या जेवणापर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर साहेब स्वतः कुलपातला अर्धा भाग घेऊन चारकोपला आले. सुपारीएवढा तुकडा त्याच्या कोपऱ्याला लावून पाहिला. बशीचा टवका बशीला बसावा तसा बसला. गुलाबी शीर इथून तिथे सरळ गेली. साहेबांनी फोटो काढला, आणि मग विचारलं, "याला हे लाल काय लागलंय?"

"कुंकू," सुगंधा म्हणाली. आता ती काही लपवायच्या पलीकडे गेली होती. "देव्हाऱ्यात होता. पण कुंकू वरती आहे, आपण बघणार आतून."

साहेबांनी वहीत 'कुंकू, बाहेरून' असं लिहून घेतलं.

एवढ्याशा तुकड्यातून शिवदासभाऊंनी तीन चकत्या काढल्या. कागदापेक्षा पातळ, काचेवर चिकटवलेल्या. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबाही खाल्ला नाही. पहिली चकती सुगंधाने दिवसभर शोधली. लांबट कण मिळाले, गोल एकही नाही. दुसरीतही नाही. तेजल मागे उभी राहून नखं खात होती, शेवटी सुगंधाने तिला फरसाण आणायला पिटाळलं.

तिसऱ्या चकतीच्या कडेला अभ्रकाचं एक तपकिरी पान होतं. सुगंधा तिथे थांबली. भिंग बदललं. पुन्हा पाहिलं. पानाच्या मधोमध एक गोल कण बसला होता, आणि त्याच्याभोवती, काजळ फिरवावं तसं, काळं वलय.

तिने हाक मारली ती एवढ्या जोरात, की फरसाणवाल्यांकडची तेजल पिशवी टाकून धावत आली. तेजलने भिंगात पाहिलं. कणातलं युरेनियम शेजारच्या अभ्रकाला जाळत राहतं, त्याचं ते वलय. असं वलय पडायला कोट्यवधी वर्षं एका जागी बसावं लागतं. गेल्या दसऱ्याला आलेल्या रांगोळीला ते जमणारं नव्हतं.

"ताई," तेजल रडत आणि हसत म्हणाली, "हा इथलाच आहे. हा घरचाच आहे!"

सुगंधाने तिला मिठी मारली. शिवदासभाऊंनी भिंगात डोळा घातला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "चकती चांगली निघालीय." एवढंच. पण त्यांनी ते दोनदा म्हटलं.

चकती यंत्राकडे गेली. मे महिन्यात उत्तर आलं: कणाचा गाभा तीनशे वीस कोटी वर्षं. म्हणजे ते तिघेही खरे होते, त्यांचा हा चौथा भाऊ साक्षीला उभा राहिला होता. नंदकिशोर साहेबांनी फोन करून सांगितलं, "तिन्ही धरा." आणि खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बाईंना सांगा, मोर मला फोटोत बघायचाय."

त्यानंतरच्या दसऱ्याला मशीनखाली पुन्हा मोर होता, तांदळाच्या पिठाचा आणि झेंडूच्या पाकळ्यांचा. पूजा झाल्यावर नागपूरहून परतलेल्या शिवदासभाऊंनी पाइप लावला आणि पाटच काय, अर्धा गाळा धुऊन काढला.

त्याच आठवड्यात तेजल चारकोपच्या घरी आली, पेढे आणि छापलेला लेख घेऊन. सगळं इंग्रजीत. शेवटच्या पानावर आभार होते. तेजलने बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं: "कण निवडणी, सुगंधा मेस्त्री. चकत्या, शिवदास साळवे." सुगंधाने ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"थांबा, अजून आहे," तेजल म्हणाली. "नमुन्याचं जतन, द्रौपदी मेस्त्री, चारकोप, मुंबई."

द्रौपदीबाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी कागद मागून घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तेजलच्या बोटाखालच्या अक्षरांवरून त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. रेशन कार्ड आणि आधार सोडलं तर त्यांचं नाव कुठे छापून आलं नव्हतं, आणि त्या आधारावरची तारीखही खोटीच होती.

"परत वाच गो," त्या म्हणाल्या. तेजलने परत वाचलं.

उरलेल्या दोन चकत्यांपैकी एक साहेबांनी कंपनीच्या परवानगीने द्रौपदीबाईंसाठी पाठवली होती. काचेवरचा तो पातळ करडा-गुलाबी ठिपका त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि देव्हाऱ्यात गणपतीशेजारी, जुन्या जागी ठेवला. सुगंधाने सवयीने कुंकवाचा करंडा पुढे केला.

सासूने तिच्या हातावर चापटी मारली. "कुंकू नको. लांब ठेव ता. परत साहेब इलो बघूक, तर काय सांगशीत?"

आणि फूलसुद्धा काचेला न लावता, चार बोटं अंतर ठेवून वाहिलं.